किनू-1च्या संगतीत शिकलेलं

सी. एलेगन्स हा मातीत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचं विघटन करताना त्याला किन्युरेनिनेज नावाचं एन्झाइम लागतं. ते एन्झाइम ज्याच्यामुळे तयार होतं, ते जनुक म्हणजे किनू-1. माझी उमेदीची वर्षं या जनुकामागे गेली. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलामुलींना मी जे सांगत असते, तेच इथे मांडते.

1. आधी डोळे वापरा.
या कृमीच्या जीनोमचा आराखडा 1998 मध्ये हाती आला. हे जनुक मात्र त्याच्या कितीतरी आधी, नुसत्या नजरेने हेरलं गेलं होतं. अतिनील प्रकाशात कृमीचं आतडं आपसूक चमकतं. संशोधक पी. बाबूंनी 1974 मध्ये वेगळ्या रंगात चमकणारे कृमी निवडून काढले आणि रंगातल्या फरकाचा माग किन्युरेनिनच्या रसायनापर्यंत नेला. 1980 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून एस. एस. सिद्दिकी आणि बाबूंनी याच साखळीतल्या आणखी एका एन्झाइमचं काम पुढे आणलं. जुने लेख शोधताना ‘फ्लू-2’ असं शोधा. किनू-1चं तेव्हाचं नाव ते होतं.

2. सगळे म्हणतात म्हणून मानू नका.
आतड्यातली निळी चमक म्हणजे म्हातारपणी साठलेला कचरा, असं सगळे वर्षानुवर्षं धरून चालले होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गटाने एकेक कृमी मरेपर्यंत न्याहाळला आणि 2013 मध्ये वेगळंच सांगितलं. ही चमक मरणाच्या वेळी उसळते आणि आतड्याच्या पुढच्या टोकाकडून मागे सरकत जाते. ती असते साखरेला जोडलेल्या अँथ्रानिलिक आम्लाची. किनू-1 बिघडलेला कृमी मरताना ही निळी लाट उठतच नाही.

3. प्लेटवरच्या जेवणाकडे लक्ष द्या.
कृमीला ट्रिप्टोफॅन स्वतः बनवता येत नाही. ते त्याला खाण्यातूनच मिळतं. प्लेटवरचा ई. कोलाय जिवाणूंचा, म्हणजे त्याच्या अन्नाचा, दुधट थर विरळ झाला, की कृमी कडेकडेने भटकू लागतात. अशा प्लेटवरचे कृमी तारेने उचलून भरपेट कृमींशी ताडून पाहिले, तर दिसणारा फरक जनुकाचा की उपासमारीचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दोन्हीकडे वय एक, अन्न एक.

4. त्याच जनुकाला नवा प्रश्न विचारा.
सायनाइडने प्राणवायूवरचं श्वसन बंद पडतं. तरी साधा कृमी त्यात पंधरा तास निपचित पडून राहतो आणि धुऊन काढल्यावर पुन्हा वळवळू लागतो. हे जमतं ऱ्होडोक्विनोन या रेणूमुळे. हा रेणू ट्रिप्टोफॅनपासून बनतो आणि त्यासाठी किनू-1 लागतं, हे 2019 मध्ये टोरांटोच्या आणि अमेरिकेतल्या गोंझागा विद्यापीठाच्या गटांनी दाखवलं. पोटातले गोल जंत आतड्यात प्राणवायूवाचून तग धरतात तेही ऱ्होडोक्विनोनच्याच जोरावर. माणसाचं शरीर हा रेणू बनवत नाही, असं तेव्हा मानलं जात होतं.

5. औषधाची घाई करू नका.
‘मग किनू-1 बंद पाडा, जंत मेलाच!’ असं विद्यार्थी हमखास म्हणतात. पण किन्युरेनिनेज आपल्यातही आहे. माणसातलं हे जनुक निकामी झालं तर बाळ मणके, हृदय आणि मूत्रपिंडाचे दोष घेऊन जन्माला येऊ शकतं, हे सिडनीच्या संशोधकांनी 2017 मध्ये उजेडात आणलं. तेव्हा औषध शोधायचं तर जंताच्या आणि माणसाच्या एन्झाइममधला फरक नेमका कुठे, तिथे बोट ठेवावं लागेल. शाळाशाळांतून जंतनाशक गोळ्या वाटणाऱ्या आपल्या देशाला या कामाचं मोल वेगळं सांगायला नको.

6. वाण जपा.
2019 च्या प्रयोगात वापरलेला बिघडलेला कृमी कुठला? बाबूंच्या काळातलाच, ई1003 या खुणेचा. असे वाण मिनेसोटातल्या कृमीसंग्रहात गोठवून जपले जातात आणि मागेल त्या प्रयोगशाळेला पाठवले जातात. म्हणून प्रयोगशाळा सोडण्याआधी आपले कृमी गोठवा, एक नळी वितळवून ते जगतात याची खात्री करा आणि नाव, तारीख, खूण वहीत स्वच्छ अक्षरात लिहा. तुम्हाला न सुचलेला प्रश्न पुढे कुणाला तरी सुचणार आहे. त्याच्या हाती कृमी पडला पाहिजे.