गॅस गिझर पेटत नाही? आधी पाणी मोजा

गरम पाण्याचा नळ सोडला आणि गिझरची टकटक ऐकू आली नाही, की मेकॅनिक आल्या आल्या सांगतो, ‘मायक्रोस्विच गेलाय.’ ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत टाकीलगतच्या मजल्यांवर हे निदान पुष्कळदा चुकतं. पाण्याच्या दाबाने रबरी डायफ्रॅम सरकतो, पिन स्विचवर येते, ठिणगी पडते. पाणीच कमी आलं, तर नवा स्विच बसवूनही गिझर पेटणार नाही.

म्हणून गरम नळ पूर्ण सोडून एक लिटरचा मग भरा. वीस सेकंदांत भरला, तर मिनिटाला ३ लिटर पाणी येतंय. सहा लिटरच्या गिझरला सहसा तेवढं पुरतं. चाळीस सेकंद लागले, तर थंड नळही तपासा. तोही बारीक असेल, तर दोष दाबाचा. टाकी नळापासून एक मीटर उंच असली, तर दाब जेमतेम ०.१ बार मिळतो. तिथे स्विचवर पैसे घालवू नका, प्रेशर पंपाचा विचार करा.

थंड नळ जोरात आणि गरमच बारीक असेल, तर गिझरच्या पाण्याच्या तोंडाशी असलेली जाळी पाहा. पाणीपुरवठ्याच्या शटडाऊननंतर येणाऱ्या गढूळ पाण्याने ती हमखास तुंबते. गॅस आणि पाणी दोन्ही बंद करून ती काढा, जुन्या टूथब्रशने घासा. टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी असेल, तर आतल्या कॉइलमध्येही क्षार साचलेला असू शकतो.

मग दोन्ही मोठे सेल बदला. टकटक होते पण ज्योत येत नाही, तर आधी गॅसचा कॉक किंवा सिलिंडर बघा. टकटकच नसेल, तेव्हा कुठे स्विचची पाळी.

ढोबळ खर्च असा: साधे सेल शंभराच्या आसपास, मेकॅनिकची फेरी ३०० ते ५००, स्विच किंवा डायफ्रॅम प्रत्येकी १०० ते २५० रुपये. ब्रँडप्रमाणे फरक पडतो. पाण्याचा पूर्ण व्हॉल्व्ह बदलायला सांगितला, तर आधी जुना उघडून दाखवायला सांगा. बहुतेकदा फाटलेला असतो तो फक्त डायफ्रॅम.

‘स्विच डायरेक्ट करून देतो’ याला मात्र ठाम नकार द्या. स्विच वगळून तारा थेट जोडल्या, की काही मॉडेलमध्ये पाणी नसतानाही बर्नर पेटता राहू शकतो. नळ बंद केल्यावर ज्योत विझत नसेल, तर लगेच गॅस बंद करा आणि दुरुस्तीपर्यंत गिझर वापरू नका. बंद बाथरूममधला गॅस गिझर तर बाहेर हलवाच: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो.

सिलिंडरवरून पाइप गॅसवर आलात, तर जुना गिझर तसाच जोडू नका. पाइप गॅसचे जेट वेगळे असतात, ते बदलण्याचं काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर १९०६. बिल नाकारलं, वॉरंटी टाळली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.