बीजकोशाचा पीळ : निदान व बीजकोशरक्षक शस्त्रकर्म

तरुण स्त्रीस ओटीपोटात एका बाजूस अकस्मात तीव्र शूल व छर्दी झाल्यास, केवळ वातशूल समजून विरेचन वा बस्ती देऊ नये. ५ सें.मी.हून मोठी गाठ असलेल्या बीजकोशास पीळ पडण्याचा संभव अधिक असतो. शूल मध्येच शमला, तरी धोका टळत नाही. गर्भचाचणी व सोनोग्राफी तातडीने करावी. डॉपलरमध्ये रक्तप्रवाह दिसला, म्हणून पीळ नाहीच असे ठरत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रकर्माने पीळ सोडविता येतो. काळानिळा पडलेला बीजकोशही बहुधा पूर्ववत होतो. सबब तो सहसा काढू नये. वैद्यबंधू व औषधविक्रेते यांस आम्ही विनवितो, की अशा रुग्णेस वेदनाशामक देऊन घरी न धाडता त्वरित शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. येथे विलंब म्हणजे बीजकोशाची हानी.