बुडालेले जहाज, शार्क आणि बॉइलचा नियम

समजा काही वर्षांनी तुम्ही समुद्रात बुडी मारण्याचे रीतसर शिक्षण घेतले आणि पाच मित्रांसह अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या मोरहेड सिटी बंदरात एक बोट दिवसभरासाठी भाड्याने ठरवली. बुडालेली जहाजे पाहायची आणि दिसलेच तर शार्क मासे. बोटीचे भाडे, खाण्याचे डबे, बोट लागू नये म्हणून गोळ्या, एवढी तयारी कोणीही करील. खरी तयारी आदल्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन करायची असते. तिला लागणारा मुख्य नियम तुम्ही शाळेतच शिकता.

हा किनारा बुडालेल्या जहाजांसाठी प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, जर्मन पाणबुड्यांनी येथे अनेक मालवाहू जहाजे बुडविली. त्यांपैकी ‘कॅरिबसी’ हे जहाज ११ मार्च १९४२ रोजी बुडाले. ते सुमारे २७ मीटर खोलीवर आहे. दोनच महिन्यांनी, ९ मे रोजी, ‘यू-३५२’ या जर्मन पाणबुडीला अमेरिकन तटरक्षक दलाच्या ‘इकॅरस’ नौकेने जलसमाधी दिली. ती सुमारे ३५ मीटर खोलीवर आहे. दोन्ही ठिकाणी माणसे मेली आहेत, तेव्हा तेथून आठवण म्हणून काही उचलून आणण्याचा विचारही करू नये.

२७ आणि ३५. फरक अवघा ८ मीटरांचा, म्हणजे दोन-तीन मजल्यांचा. पण या फरकाने सगळे गणित कसे उलटते ते पाहा.

समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा दाब १ वातावरण असतो. पाण्यात दर १० मीटरला तो सुमारे १ वातावरणाने वाढतो. म्हणजे कॅरिबसीपाशी दाब ३.७ वातावरण आणि यू-३५२ पाशी ४.५ वातावरण. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम आठवा : तापमान कायम असेल तर वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. फुप्फुसे खाली गेल्यावरही तेवढीच मोठी असतात. ती भरायला मात्र कितीतरी दाट हवा लागते. पृष्ठभागावर शांतपणे पोहताना मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल, तर कॅरिबसीपाशी २० × ३.७ म्हणजे ७४ लिटर लागेल आणि यू-३५२ पाशी ९० लिटर.

पाठीवरची टाकी ११ लिटरची आणि तिच्यातील दाब २०० वातावरण आहे असे धरू. त्यांतले ५० वातावरण वर येण्यासाठी व अडीअडचणीसाठी राखून ठेवायचे. उरले १५०. १५० × ११ = १,६५० लिटर. आता भागाकार करा. कॅरिबसीपाशी ही हवा सुमारे २२ मिनिटे पुरते, तर यू-३५२ पाशी सुमारे १८ मिनिटे.

पण थांबा, हवा पुरते म्हणून तेवढा वेळ खाली राहता येते असे नाही. दाबाखाली श्वासातला नत्रवायू रक्तात व ऊतींत विरघळत जातो. एकदम वर आले की सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. गंमत अशी, की १६७० मध्ये याच बॉइलने निर्वात पंपात ठेवलेल्या एका सापाच्या डोळ्यात असा बुडबुडा पाहून त्याची नोंद केली होती. हे बुडबुडे सांधे दुखवतात आणि मज्जारज्जूत झाले तर माणूस पांगळा होतो. अमेरिकन नौदलाच्या, कित्येक वर्षे जगभर वापरल्या गेलेल्या जुन्या कोष्टकात २७ मीटरला ३० मिनिटांची मुभा होती. ३५ मीटरसाठी त्यापुढची, ३६ मीटरची ओळ पाहावी लागे आणि तिथे आकडा होता १५ मिनिटे. म्हणजे कॅरिबसीपाशी आधी हवा संपते, आणि यू-३५२ पाशी टाकीत हवा शिल्लक असतानाच वेळ संपतो! जो फक्त टाकीचा काटा पाहतो, तो पहिल्या ठिकाणी सुखरूप परततो आणि दुसऱ्या ठिकाणी फसतो. आज हा हिशेब मनगटावरचा छोटा संगणक करतो, पण तो काय मोजतो हे ठाऊक नसेल तर त्याचा इशारा कळत नाही.

यावर एक उपाय म्हणजे नायट्रॉक्स. यात प्राणवायू २१ टक्क्यांऐवजी, समजा, ३२ टक्के असतो. नत्रवायू कमी, म्हणून त्याची धास्तीही कमी. दिवसात दोन बुड्या मारायच्या असतील तेव्हा याचा फार उपयोग होतो. मात्र टाकीतला वायू याने जास्त वेळ पुरत नाही, पुष्कळांचा तसा समज असला तरी. आणि प्राणवायूसुद्धा फार दाबाखाली विषारी ठरतो. पाण्यात झटका येतो, तोंडातली नळी सुटते आणि माणूस बुडतो. म्हणून प्राणवायूचा आंशिक दाब १.४ वातावरणापलीकडे जाऊ द्यायचा नाही असा संकेत आहे. कॅरिबसीपाशी ०.३२ × ३.७ म्हणजे सुमारे १.१८. उत्तम.

आता प्रसंग असा. तुम्ही कॅरिबसी ठरवून सगळ्या टाक्यांत ३२ टक्क्यांचे मिश्रण भरून घेतले. बोट निघाल्यावर कप्तान सांगतो, “तिकडे पाणी गढूळ आहे. यू-३५२ वर जाऊ.” भाड्याच्या बोटीवर असे नेहमी घडते आणि समुद्राच्या बाबतीत शेवटचा शब्द कप्तानाचाच असतो. गुणाकार करा : ०.३२ × ४.५ = १.४४. मर्यादा ओलांडली! भर समुद्रात टाकीतले मिश्रण बदलता येत नाही. अशा वेळी तळाशी न जाता वरच्या भागातच थांबावे किंवा बोटीवर बसून राहावे. पैसे भरलेले असताना हे जड जाते. म्हणून जिथे जाण्याची थोडीही शक्यता आहे अशा सर्वांत खोल जागेचा विचार करून मिश्रण किनाऱ्यावरच ठरवायचे. ३० टक्के घेतले असते तर ०.३० × ४.५ = १.३५, म्हणजे दोन्ही जागा खुल्या राहिल्या असत्या.

आणि शार्क? येथे भेटतो तो सँड टायगर शार्क, कोकणातल्या मुशीच्याच गोतावळ्यातला. लांबी तीन मीटरपर्यंत. तोंड मिटले तरी दात बाहेर दिसतात, त्यामुळे तो असतो त्याहून भयंकर वाटतो. त्याला डिवचू नये, हात लावू नये, त्याची वाट अडवू नये, एवढे पाळले की तो आपल्या वाटेने जातो. शार्क माशांना हवेची पिशवी नसते. हा पठ्ठ्या मात्र पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो, ती पोटात धरतो आणि मग फारशी हालचाल न करता पाण्यात तरंगत राहतो. त्याच्या पोटातल्या हवेलाही बॉइलचा नियम लागू आहे : वर ३.७ लिटर गिळलेली हवा २७ मीटरवर १ लिटर होते. हेच तुमच्या फुप्फुसांत वर येताना उलटे घडते, म्हणून वर येताना श्वास कधीही रोखून धरू नये. छायाचित्र घ्याल तर त्याच्या कुशीचे घ्या. त्यावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात. बुडी मारणाऱ्यांच्या अशाच चित्रांवरून शास्त्रज्ञांना दिसले की काही माद्या त्याच बुडालेल्या जहाजावर पुन्हा परत येतात. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

बेतात एक ओळ शेवटी लिहा. विमानात हवेचा दाब कमी असतो, म्हणून अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास उड्डाण करायचे नाही. शेवटची बुडी रविवारी दुपारी दोनला संपली, तर विमान सोमवारी सकाळी आठनंतरचे घ्या.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. प्राणवायू ३६ टक्के असलेले मिश्रण १.४ च्या मर्यादेत राहून किती खोल नेता येईल? उत्तर काढा आणि ते दोन्ही जहाजांच्या खोलीशी ताडून पाहा.