तेरणाकाठची खापरे

विद्यार्थिमित्रहो, वस्तुसंग्रहालय म्हटले की मुंबई-पुण्याच्या भव्य इमारती डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु आपल्याच धाराशिव जिल्ह्यात, तेर या गावी, एक लहानसे संग्रहालय आहे. आपल्या सास्तूरनजीक माकणी येथे धरणाने जी तेरणा नदी अडविली आहे, तीच वरच्या अंगास तेरच्या कडेने वाहते. म्हणून तेरची हकीकत ही परक्या मुलखाची नव्हे. ती आपल्याच नदीकाठची आहे.

तेर गावाभोवती पांढरीची टेकाडे आहेत. पावसाने माती धुपली की तिच्यातून मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीची चित्रे, जुनी नाणी अशा वस्तू वर येत. लोक त्या तुडवून जात. परंतु त्याच गावचे रहिवासी कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी असल्या क्षुद्र वाटणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे वेचून जतन केल्या. आज त्यांच्याच नावाने चालणाऱ्या शासकीय संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. पाच सहस्रांच्या भोजनानंतर शिष्यांनी उरलेले तुकडे बारा टोपल्या भरून वेचल्याची कथा आपण शुभवर्तमानात वाचतो. तुकडाही वाया जाऊ न देण्याची तीच वृत्ती येथे दिसते.

हे तुकडे काय सांगतात ते पाहू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक लेखकाने सागरी व्यापाराचे वर्णन लिहिले. ते ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर असून तेथील जाडेभरडे कापड व तलम मलमल गाड्यांत घालून, रस्ते नसलेल्या प्रदेशातून भडोच बंदरास नेतात, असे त्याने नमूद केले आहे. पुढे तगर कोठे होते हेच लोक विसरले. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर, तर कोणी धारूर. अखेर सन १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट या विद्वानाने तगर म्हणजेच तेर असे प्रतिपादन केले आणि पुढील उत्खननांनी त्यास बळकटी दिली.

येथे रोमन नाण्यांच्या नमुन्यावर घडविलेल्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत. सोन्याचे नाणे ज्यास परवडत नसे, त्याने मातीचेच गळ्यात घालून हौस भागविली असेल काय? दोन साच्यांत दोन अर्धे घडवून, मग जोडून केलेल्या शुभ्र मातीच्या पोकळ बाहुल्याही येथे आहेत. सर्वांत नवलाची वस्तू म्हणजे तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे सन १९३८ मध्ये सापडलेल्या एका भारतीय हस्तिदंती मूर्तीशी हिचे साम्य आहे. तथापि साम्य म्हणजे पुरावा नव्हे. पाँपेईची मूर्ती तेरलाच घडली, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. अभ्यासकाने हा विवेक सदैव बाळगावा.

तेर हे संत गोरोबा कुंभारांचेही गाव. संतांच्या मेळ्यात गोरोबांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि रागावलेल्या नामदेवांस कच्चे मडके ठरविले, ही आख्यायिका आपण आजीच्या तोंडून ऐकली असेल. या प्रसंगाचे एकही खापर कोणत्याही टेकाडातून निघणार नाही. तरीही अपुऱ्या माणसास ‘कच्चे मडके’ म्हणताना आपण ती कथा जागवतोच. खापरावरून त्या काळचे लोक कसे राहत हे कळते. आख्यायिकेवरून त्यांनी मोलाचे काय मानले हे कळते. दोन्ही जपावीत, मात्र एकीचे काम दुसरीकडून घेऊ नये.

सास्तूरकरांस याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाट होण्यापूर्वी, भूकंपाने या परिसरातील दगडमातीची घरे क्षणार्धात कोसळली. सहस्रावधी माणसे गेली. त्या दुःखापुढे वस्तूंचा शोक कोण करणार? परंतु ढिगाऱ्याखाली जाती, कोरीव चौकटी व मोडी कागद गेले, आणि त्यांच्या गोष्टी सांगणारे वडीलधारेही गेले. वाचलेल्या जात्यावर कोणती ओवी म्हटली जाई, हे आज ते जाते आपणांस सांगू शकत नाही.

म्हणून बालमित्रहो, या सुटीत एवढे करा. घरातील एक जुनी वस्तू निवडा. ती कोणाची, कोठून आली, कशासाठी वापरीत, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून सांगणाऱ्याच्या नावासह वहीत लिहा. स्वतः पाहिलेले आणि ऐकीव, यांची निरनिराळी नोंद ठेवा. शेतात काही प्राचीन वस्तू आढळल्यास टेकाड उकरू नका, वस्तू विकू नका. जागा ध्यानात ठेवून शिक्षकांस कळवा, कारण जागेवरून हललेली वस्तू आपली अर्धी साक्ष गमावते. पालकांसही विनंती आहे की, मुले विचारावयास आली तर त्यांस जवळ बसवून घ्यावे. जुने सांगणारी माणसे आज घरात आहेत, तोवरच ही वही भरून निघेल.