लोकरीच्या गिरणीतील मोटारी

फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड या तीन देशांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात, तेथे अल्सास प्रांतात मुलूझ नावाचे शहर आहे. या शहराचे वैभव कापडाच्या धंद्यातून उभे राहिले. इ. स. १७४६ मध्ये येथे छापील सुती कापडाचा पहिला कारखाना निघाला. युरोपात त्या काळी हिंदुस्थानातून जाणाऱ्या चिटांची मोठी आवड होती. त्या चिटांसारखे कापड घरीच तयार करावे, हा त्या कारखान्याचा उद्देश होता. अशा कापडाला फ्रेंच लोक ‘आंदियेन’, म्हणजे ‘हिंदुस्थानी’, असेच म्हणत. पुढे सूत कातण्याच्या आणि कापड विणण्याच्या गिरण्या वाढत गेल्या आणि मुलूझला ‘शंभर धुराड्यांचे नगर’ हे नाव मिळाले. यांपैकीच एका जुन्या गिरणीत, जिच्या यंत्रांची घरघर केव्हाच थांबली होती, दि. ७ मार्च १९७७ रोजी काही कामगार बळाने शिरले. आतील दृश्य पाहून ते स्तंभित झाले. सूतकताईच्या यंत्रांच्या जागी तेथे मोटारी उभ्या होत्या. एक नव्हे, दोन नव्हे, चारशेहून अधिक मोटारी! त्यांचे रंग आरशासारखे चकाकत होते, आणि त्या चालवावयास मात्र तेथे कोणीही नव्हते.

या मोटारी हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ या दोन बंधूंच्या होत्या. हान्स यांचा जन्म १९०४ चा आणि फ्रिट्झ यांचा १९०६ चा. दोघेही इटलीत जन्मले. वडील स्विस होते, आई मुलूझची. मुले लहान असतानाच कुटुंब आईच्या गावी येऊन राहिले, आणि ती वयात येण्यापूर्वीच वडील वारले. मुलांना वाढविण्याचा सर्व भार आईवर पडला. मुलांनीही तिचे ऋण आयुष्यभर मानले. फ्रिट्झ तरुणपणी लोकरीची दलाली करू लागले. १९३५ मध्ये दोघा भावांनी लोकरीच्या व्यापारासाठी कंपनी काढली आणि पुढे माल्मर्स्पाख या डोंगराळ भागातील गावची लोकर कातण्याची गिरणी आपल्या ताब्यात घेतली. मेंढीची लोकर धुऊन, विंचरून, तिचे तलम सूत काढण्याचे काम तेथे चाले. दुसरे महायुद्ध संपल्यावर कापडाला मागणी वाढली. श्लुम्फ बंधूंनी एकामागून एक गिरण्या विकत घेतल्या. १९५७ मध्ये मुलूझमधील ती जुनी गिरणीही त्यांच्याकडे आली. हान्स हिशेब पाहत. खरेदीची उत्कट हौस फ्रिट्झ यांना होती. कामगारांशी दोघांचे वागणे जुन्या वळणाच्या मालकासारखे होते. मालकाने द्यावे आणि कामगाराने मुकाट्याने घ्यावे, अशी त्यांची समजूत होती. कामगार संघटनेने काही मागावे, हे फ्रिट्झ यांना रुचत नसे.

फ्रिट्झ यांना लहानपणापासून एकाच मोटारीचे वेड होते, ते म्हणजे बुगाती. या मोटारीचे निर्माते एत्तोरे बुगाती हेही मूळचे इटलीचे. १८८१ मध्ये मिलान शहरी त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील कलात्मक लाकडी सामान घडवीत, धाकटा भाऊ रेम्ब्रांट प्राण्यांची शिल्पे करी. अशा घरात वाढलेल्या एत्तोरे यांनी १९०९ मध्ये अल्सासमधीलच मोल्सहाईम या गावी मोटारींचा कारखाना काढला. मुलूझपासून ते गाव शंभर किलोमीटरच्या आत आहे. इटलीत जन्मून अल्सासचे झालेले दोन पुरुष! फ्रिट्झ यांच्या ओढीचे मूळ कदाचित यातही असेल.

बुगातीच्या मोटारींत काय होते, हे थोडे नीट पाहिले पाहिजे. नाहीतर या वेडाचा अर्थ लागणार नाही. १९२४ मध्ये निघालेली ‘टाइप ३५’ ही त्यांची शर्यतीची मोटार. तिच्या पुढच्या बाजूला रेडिएटर असे. त्याचा आकार घोड्याच्या नालासारखा. तिची चाके त्या वेळच्या इतर मोटारींप्रमाणे तारांच्या आऱ्यांची नव्हती. ॲल्युमिनियमच्या ओतीव चाकाला आठ रुंद पाती असत, आणि ब्रेकचा ड्रम त्या चाकाचाच भाग असे. त्यामुळे चाक उतरविले की ब्रेकचे भाग समोर उघडे होत आणि शर्यतीच्या घाईत ते तपासता येत. पुढचा आस पोकळ आणि आरशासारखा घासलेला असे. इतर कारखानदार स्प्रिंगचे पाटे आसाला वरून किंवा खालून बांधीत. बुगाती यांनी आसालाच भोक ठेवून पाटे त्यातून आरपार नेले. हे काम करावयास कठीण आणि खर्चाचे होते. परंतु त्यामुळे मोटारीचा पुढचा भाग एखाद्या दागिन्यासारखा सुबक दिसे. यंत्र चालले म्हणजे काम झाले, असे मानणारा तो कारागीर नव्हता. या मोटारीने शेकडो शर्यती जिंकल्या.

याच कारागिराने पुढे राजेमहाराजांसाठी म्हणून ‘रॉयाल’ ही प्रचंड मोटार केली. तिच्या इंजिनाचे आकारमान जवळजवळ पावणेतेरा लिटर होते, तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांतील अंतर ४.३ मीटर होते. एके काळी आपल्या रस्त्यांवर सर्वत्र दिसणारी मारुती ८०० ही सबंध मोटार त्या अंतरात मावून वर जागा उरली असती! रेडिएटरच्या झाकणावर मागच्या पायांवर उभा राहिलेला चांदीचा हत्ती होता. तो रेम्ब्रांटच्या शिल्पावरून घेतलेला. पंचवीस मोटारी कराव्यात असा एत्तोरे यांचा विचार होता, परंतु १९२९ नंतर जगभर मंदी आली. सहा मोटारी तयार झाल्या आणि त्यांपैकी तीनच विकल्या गेल्या. राजासाठी केलेली ही मोटार एकाही राजाने विकत घेतली नाही. जी इंजिने उरणार होती, ती एत्तोरे यांनी आगगाडीच्या रुळांवर धावणाऱ्या मोटारडब्यांना बसविली आणि तो धंदा मात्र चांगला चालला. १९४७ मध्ये ते वारले. त्यांच्या मागे कारखाना फार काळ तग धरू शकला नाही.

फ्रिट्झ यांच्याकडे युद्धापूर्वीच एक बुगाती होती. १९६० नंतर मात्र त्यांच्या हौसेला भरते आले. जगात बुगाती कोणाकोणाकडे आहेत, याची यादी त्यांनी मिळविली आणि मालकांना पत्रे धाडून किंमत विचारली. एकट्या १९६२ साली त्यांनी सुमारे पन्नास बुगाती घेतल्या. १९६३ मध्ये मोल्सहाईमचा कारखाना दुसऱ्याच्या हाती गेला. त्या सुमारास कारखान्यात जपून ठेवलेल्या अठरा मोटारी त्यांनी खरेदी केल्या. त्यांत एत्तोरे स्वतः वापरीत ती ‘नेपोलियन’ नावाची रॉयालही होती. १९६४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील एका संग्राहकाच्या तीस बुगाती त्यांनी एकदम घेतल्या. आगगाडीच्या उघड्या वाघिणींवर रांगेने बांधलेल्या त्या मोटारींचे छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे. त्यांतच दुसरी एक रॉयाल होती.

बुगातीखेरीज इतर मोटारीही येत गेल्या. १८७८ मध्ये बनलेली, वाफेवर चालणारी झाको यांची गाडी आली. मोटारयुगाच्या आरंभीच्या पानार आणि द दियाँ आल्या. मर्सिडीज, रोल्स-रॉइस, माझेराती, फेरारी आल्या. अमेदे गोर्दिनी या फ्रेंच निर्मात्याच्या शर्यतीच्या मोटारी आल्या. त्यांपैकी कित्येक मोडकळीला आलेल्या होत्या. त्या दुरुस्त करण्यासाठी सुमारे चाळीस कारागीर नेमले गेले. त्यांत यंत्रे जाणणारे होते, पत्रा ठोकणारे होते, रंगारी होते, चामड्याच्या बैठका शिवणारे होते. या कामाची वाच्यता बाहेर करावयाची नाही, अशी त्यांना ताकीद होती. मुलूझच्या गिरणीतील सतरा हजार चौरस मीटरांचे दालन मोटारींसाठी सजविण्यात आले. फरशीच्या वाटा आखल्या, त्यांच्या कडेला बारीक खडीचे वाफे केले आणि त्यांवर मोटारी उभ्या केल्या. पॅरिसच्या तिसऱ्या अलेक्झांडरच्या पुलावर जसे नक्षीदार दिव्यांचे खांब आहेत, तसे सुमारे आठशे खांब घडवून त्या दालनात बसविले. पुलावर जे खांब शोभतात, ते छपराखाली इतक्या संख्येने उभे करणे हे रसिकतेच्या पलीकडे गेलेले होते, असे म्हणावे लागते. पाहुण्यांसाठी भोजनगृहेही बांधली. आणि हे सर्व १९५७ मध्ये निवर्तलेल्या मातेच्या स्मरणार्थ होते. कधीतरी हे संग्रहालय जगाला दाखवावे, अशी फ्रिट्झ यांची इच्छा होती. तो दिवस पुढे पुढे जात राहिला.

इकडे लोकरीचा धंदा उतरणीला लागला होता. कृत्रिम धाग्याचे कापड स्वस्त पडे, परदेशी मालाची स्पर्धा वाढली होती आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर बाजार मंदावला. अशा वेळी गिरणीला नवी यंत्रे हवी होती. ती आली नाहीत. १९७६ मध्ये कामगारांना कामावरून कमी करण्यास सुरुवात झाली, संप झाले. माल्मर्स्पाखमध्ये संतप्त कामगारांनी मालकांच्या घराला वेढा घातला. अखेर पोलिसांच्या मदतीने दोघे भाऊ बाहेर पडले आणि सीमेपलीकडे, स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरी गेले. त्यानंतर ते मालक म्हणून आपल्या गिरण्यांत पुन्हा आले नाहीत.

मार्च १९७७ मध्ये कामगारांनी जुन्या गिरणीचे दार उघडले, ते या पार्श्वभूमीवर. त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. ज्यांची नोकरी ‘पैसा नाही’ म्हणून गेली होती, त्यांच्यासमोर तो पैसा चार चाकांवर रांगेने उभा होता. गिरणीची कमाई मालकांनी मोटारींत घातली, असा त्यांचा आरोप होता. संतापाच्या भरात त्यांनी एक मोटार जाळलीही. ती दुरुस्त न केलेली, लहानशी ऑस्टिन होती. परंतु तेवढ्यावर त्यांचा हात थांबला. इतर मोटारींना त्यांनी धक्का लावला नाही. त्यांनी गिरणी ताब्यात ठेवली, तिला ‘कामगारांचा कारखाना’ असे नाव दिले आणि दारे सर्वांसाठी उघडी केली. प्रवेशाला शुल्क नव्हते. ज्याला जे द्यावेसे वाटे ते तो देई. फ्रिट्झ यांनी बारा-तेरा वर्षे जे लपवून ठेवले, ते पाहण्यासाठी दोन वर्षांत सुमारे आठ लक्ष माणसे येऊन गेली. ज्यांच्या श्रमाच्या पैशातून या वस्तू आल्या असे ते मानीत, त्या वस्तूंचे रखवालदार तेच झाले. पहारा देताना त्यांच्यापैकी किती जणांनी बुगातीच्या त्या घासलेल्या आसावर हलकेच हात फिरविला असेल, कोण जाणे!

आता प्रश्न असा होता, की या मोटारी कोणाच्या? गिरण्यांचे दिवाळे निघाले होते. देणेकऱ्यांना आपले पैसे हवे होते आणि मोटारी एकेक करून लिलावात विकल्या असत्या, तर ते सहज फिटले असते. जगातील श्रीमंत ग्राहक त्याची वाट पाहत होतेच. कामगारांनाही थकलेले पैसे हवे होते, तथापि संग्रह परदेशी पांगावा असे त्यांना वाटत नव्हते. १९७८ मध्ये फ्रान्सच्या शासनाने हा संग्रह ऐतिहासिक वारसा म्हणून संरक्षित केला. जो कायदा जुन्या मंदिरांना, वाड्यांना लागू होतो, तो येथे मोटारींना लागू झाला. त्यामुळे संग्रह फोडण्यास किंवा देशाबाहेर नेण्यास बंदी आली. १९७९ मध्ये कामगारांनी गिरणीचा ताबा सोडला. १९८१ मध्ये मुलूझ नगरपालिका, प्रांतिक संस्था आणि मोटारप्रेमींच्या संघटना यांनी मिळून एक मंडळ स्थापिले व चार कोटी चाळीस लक्ष फ्रँकना सर्व संग्रह विकत घेतला. बाजारभावाच्या मानाने ही किंमत फारच कमी होती, अशी तक्रार श्लुम्फ बंधूंनी अखेरपर्यंत केली आणि ती निराधार होती असे म्हणता येत नाही. न्यायालयातील वाद पुढेही अनेक वर्षे चालू राहिले. १९८२ च्या जुलै महिन्यात ते दालन राष्ट्रीय मोटार संग्रहालय म्हणून उघडले.

तेथे आज शंभराहून अधिक बुगाती पाहावयास मिळतात. दोन मूळ रॉयालच्या शेजारी तिसरी एक उभी आहे. ती जुन्या सुट्या भागांच्या आधारे नव्याने घडविलेली आहे. पॅरिसमधील तयार कपड्यांचे कारखानदार एस्डर यांनी जी रॉयाल घेतली होती, तिची ही प्रतिकृती. एस्डर रात्री मोटार चालवीत नसत, म्हणून त्यांच्या मोटारीला पुढचे दिवेच नव्हते. प्रतिकृतीलाही ते बसविलेले नाहीत. फ्रिट्झ यांनी उभारलेले दिव्यांचे खांब मात्र जसेच्या तसे आहेत.

१९८९ मध्ये संग्रहालयाच्या नावाला ‘श्लुम्फ संग्रह’ हे शब्द जोडले गेले. त्याच वर्षी हान्स वारले. फ्रिट्झ १९९२ मध्ये.