नाल्यातले मासे व गळ

आमच्या गावाच्या मागे सातपुडा पर्वत आहे. तेथून एक लहान नाला येतो. तो शहानूर नदीला मिळतो. शहानूर पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. म्हणजे आमच्या नाल्याचे पाणी पार समुद्रात जाते. मासे मात्र डोहात राहतात.

माझे आबाजी गळाने मासे धरतात. ते त्याला गय म्हणतात, पुस्तकात गळ आहे. बांबूची काठी, तंगूस, लोखंडी आकडा आणि जवारीच्या धांड्याचा तुकडा एवढेच लागते. आकड्याला गांडूळ लावतात. धांडा पाण्यावर तरंगतो. तो बुडाला की मासा लागला समजावे.

पूर ओसरला की नाल्याचे पाणी काचेसारखे होते. आपल्याला मासा दिसतो, तसेच त्याला आपणही दिसतो. वाहत्या पाण्यात मासा वरच्या अंगाला तोंड करून राहतो, कारण त्याचे खाणे वरून वाहत येते. आबाजी म्हणतात, "माशाच्या मांगून जाय. पान्यावर सावली पडू देऊ नोको. अन् पाय आपटू नोको."

पाय आपटला तर माशाला कसे कळते, असे मी गुरुजींना विचारले. माशाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, तिने त्याला पाण्यातला हादरा कळतो. मी घरी मरळीच्या अंगावर पाहिले. रेघ खरंच होती.

भादव्यात नाकतोडे खूप होतात. तेव्हा आबाजी धांडा काढून टाकतात. आकड्याला नाकतोडा टोचून वरच्या धारेत सोडतात. तो वाहत वाहत डोहात येतो आणि मासा खपकन वर येतो! मला हे सर्वांत जास्त आवडते. गुरुजी म्हणाले, काश्मीरात ट्राउट नावाचा मासा असाच धरतात. तेथे आकड्याला पिसे व दोरा बांधून खोटा किडा करतात. ट्राउट इंग्रजांनी १९०० च्या सुमारास परदेशातून आणला. त्याला थंड पाणी लागते. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश ऊन तापते. त्याचा तर डोहातच रस्सा होईल.

वर मेळघाटचे जंगल आहे. तेथे १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे व मासे धरायला मनाई आहे. म्हणून आम्ही गावाजवळच्या डोहातच गळ टाकतो.

मागच्या उन्हाळ्यात नाला आटला. फक्त मोठ्या डोहात पाणी होते. एका रात्री कोणीतरी त्यात ब्लिचिंग पावडर टाकली. मोठे मासे ते घेऊन गेले. सकाळी नखाएवढी पिल्ले, झिंगे, खेकडे, बेडूक सगळे मरून पडले होते. आम्ही पोट्टे धावत गेलो. मी पण टोपलं भरलं. तेव्हा मला खूप आनंद झाला होता. आबाजींनी टोपलं पाहिलं. काहीच बोलले नाहीत. खड्डा खणून सगळे पुरले. आईने म्हैस त्या दिवशी विहिरीवर नेली. मग आबाजी म्हणाले, "आता गय टाकून काई फायदा नाई, बापू."

गुरुजींनी सांगितले की पाण्यात विष टाकून किंवा सुरुंग लावून मासे मारणे हा १८९७ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे. इतका जुना कायदा, आणि आमच्या गावात कोणालाच माहीत नव्हता.

या पावसाळ्यात पूर येऊन गेल्यावर मी पाच रविवार डोहावर बसलो. गांडूळ तसेच परत येई. सहाव्या रविवारी पाण्यावर लाल लाल ठिपक्यांचा घोळका दिसला. ती मरळीची पिल्ले होती. मरळ हवा घ्यायला पाण्यावर येते. पिल्ले लहान असली की आईबाप त्यांच्याजवळ राहून राखण करतात. मी पाहत होतो, तोच मोठी मरळ वर आली आणि खाली गेली.

"शहानूरातून पुरात चढून आली असन," आबाजी म्हणाले.

मी गांडूळ काढून टाकले आणि तंगूस काठीला गुंडाळला. पिल्ले मोजायला लागलो. चाळीसपर्यंत मोजली, मग ती हलली.