पाच व्होल्टमधून उणे दहा व्होल्ट : काटा आणि संगणक यांच्यामधील आयसी

इलेक्ट्रॉनिक वजनकाटे व बिल छापणारे प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या कारागीर बंधूंपुढे एक तक्रार हमखास येते : "काटा वजन बरोबर दाखवतो, पण संगणकावर आकडा येत नाही." मग आधी केबल बदलली जाते आणि नंतर सबंध बोर्ड निकामी ठरवून गिऱ्हाइकाला नव्या बोर्डाच्या खर्चात पाडले जाते. दोष मात्र पुष्कळदा एका आयसीभोवतीच्या चार लहान कपॅसिटरांपैकी एखाद्यात असतो. हे काम नीट समजून घेतले तर गिऱ्हाइकाचा पैसा वाचतो आणि कारागिराची पतही वाढते.

काटा व संगणक ज्या पद्धतीने बोलतात तिला आरएस-२३२ म्हणतात. हे मानक १९६० साली अमेरिकेत ठरले. यात तारेवर उणे ३ ते उणे १५ व्होल्ट असले की 'एक' आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट असले की 'शून्य' समजतात. पाठवणाऱ्या बाजूने निदान ५ व्होल्ट द्यावे लागतात. काट्याच्या आत मात्र ५ किंवा ३.३ व्होल्टच असतात, उणे व्होल्ट नसतातच. पूर्वी त्यासाठी अधिक १२ व उणे १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा करावा लागे. १९८७ साली मॅक्सिम कंपनीने मॅक्स २३२ ही आयसी आणली आणि केवळ ५ व्होल्टवर काम भागू लागले.

तिची युक्ती साधी आहे. आयसी प्रथम एक कपॅसिटर ५ व्होल्टने भरते. मग आतल्या स्विचने त्याचा खालचा पाय अर्थवरून काढून ५ व्होल्टवर टेकवते. वरचा पाय १० व्होल्टवर जातो. या १० व्होल्टने दुसरा कपॅसिटर भरून त्याचा अधिक पाय अर्थला जोडला की दुसऱ्या पायावर उणे १० व्होल्ट मिळतात. उरलेले दोन कपॅसिटर हा दाब साठवून ठेवतात. हे चक्र सेकंदाला हजारो वेळा चालते.

तपासणी अशी करावी. केबल काढून मल्टीमीटरची काळी तार १५ क्रमांकाच्या पायावर ठेवावी. १६ वर ५ व्होल्ट, २ वर अधिक ८ ते १० आणि ६ वर उणे ८ ते १० व्होल्ट दिसले पाहिजेत. २ ठीक असून ६ पडलेला असेल, तर ४ व ५ मधला आणि ६ वरचा कपॅसिटर पाहावा. ६ वरच्या कपॅसिटरचा अधिक पाय अर्थकडे असतो. येथे उलटे जोडण्याची चूक फार होते. दोन्ही पडले असतील तर १ व ३ मधला कपॅसिटर, मग आयसी. केबल लावताच दाब कोसळला, तर दोष केबलमध्ये किंवा पलीकडच्या यंत्रात आहे.

बॅटरीवरच्या काट्यात आणखी एक गोष्ट पाहावी. मॅक्स २३२ स्वस्थ बसूनही सुमारे ८ मिलिअँपिअर खाऊ शकते. दहा तासांत ८० मिलिअँपिअर-तास गेले. मॅक्स ३२३२ ही ३ ते ५.५ व्होल्टवर चालणारी आयसी सुमारे ०.३ मिलिअँपिअरवर भागवते, म्हणजे दहा तासांत फक्त ३. पायांची मांडणी तीच आहे. परंतु कपॅसिटरची मूल्ये पुरवठ्याप्रमाणे बदलतात, ती माहितीपत्रकात पाहूनच बसवावीत. ६ व्होल्टच्या बॅटरीची तार या आयसींना थेट कधीही जोडू नये. चार्जिंगच्या वेळी ती ७ व्होल्टच्या वर जाते आणि आयसी जळते.

शेवटी एक सूचना. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ प्रमाणे व्यापारातील वजनकाटा दुरुस्त करण्यास परवाना लागतो, आणि दुरुस्तीनंतर काट्याची फेरपडताळणी करून मुद्रा घ्यावी लागते. परवाना नसेल त्याने सीलला हात न लावता केबल व संगणकाची बाजू तपासावी आणि काटा परवानाधारकाकडे पाठवावा. परवाना असेल त्याने बोर्ड बदलण्याआधी हे तीन पाय मोजावेत. दोन मिनिटांचे हे काम गिऱ्हाइकाला पुन्हा आपल्याच दुकानी आणते.